फायबर टाकूनही तडा तेवढ्याच लोडला गेला, मग फायदा काय?

प्रश्न (सिव्हिल, शेवटचं वर्ष)
प्रोजेक्टसाठी एम ३० ग्रेडच्या काँक्रीटचे दोन बीम टेस्ट केले. १५० × १५० × ७०० मिमी, मधोमध २५ मिमीची खाच. एक साधा, दुसऱ्यात घनमीटरला ३० किलोच्या हिशेबाने हूकवाले स्टील फायबर, म्हणजे टोकं वाकवलेले तारेचे तुकडे, ६० मिमी लांब. पहिला तडा दोघांना जवळपास सारख्याच लोडला गेला. रिपोर्टमध्ये "ताकद वाढली" लिहायला सांगितलंय, पण रीडिंग तसं म्हणत नाहीत. माझं काय चुकतंय?

फ्लोअरिंगवाला
काही चुकत नाहीये, आणि "ताकद वाढली" लिहू नकोस. ३० किलो म्हणजे आकारमानाने जेमतेम ०.४ टक्के. एवढ्याने तडा पडायचा थांबत नाही. फायबरचं काम सुरूच होतं तडा पडल्यावर.

साधा बीम फाट्‌कन दोन तुकडे झाला असेल. दुसरा मात्र तडा रुंदावला तरी लोड धरून राहिला ना? तड्याच्या टोकाशी ताण साचला की तो पुढे सरकतो. मागच्या तारा दोन्ही काठ आवळून धरतात, म्हणून टोकाशी ताण कमी पोचतो. तडा उघडायचा तर एकेक तार काँक्रीटमधून ओढून काढावी लागते. लोड आणि तड्याची रुंदी यांचा ग्राफ काढ, त्याखालचं क्षेत्रफळ, म्हणजे बीम तोडायला लागलेली ऊर्जा, बघ. फरक तिथे आहे.

आणि तो बीम पूर्ण तोड. हूक सरळ होऊन निघालेली तार म्हणजे चोख काम. मधेच तुटलेली तार दिसली तर पकड जास्तच घट्ट.

गाववाला
आमच्याकडे भिंतीच्या मातीत भुसा मळायचे, तेही यासाठीच. पण दादा, पकड घट्ट असणं वाईट कसं?

फ्लोअरिंगवाला
तार तुटली की तिचं काम तिथेच संपतं. घासत निघाली तर शेवटपर्यंत झुंजते. विमानाच्या इंजिनात सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकचे धागे सिलिकॉन कार्बाइडमध्येच बसवतात आणि धाग्यांवर मुद्दाम बोरॉन नायट्राइडचा पातळ, कच्चा थर देतात. तडा धाग्यापाशी आला की आरपार न जाता कडेने वळतो. हा थर नसेल तर धागे असूनही तुकडा साध्या सिरॅमिकसारखा फुटतो.

प्रश्नकर्ता
सर, आत्ताच बीम तोडून आलो. बहुतेक हूक सरळ झालेत! पण ओतताना जी कड खाली होती तिथे तारा दाट आहेत, वरच्या कडेला अगदी विरळ.

फ्लोअरिंगवाला
व्हायब्रेटर किती वेळ मारला होता? जास्त मारला की जड तारा खाली बसतात.