युफोनियम वाजवून उजवा अंगठा कामातून गेला. धरायचं कसं?

बँडवाला_कराड
राम राम मंडळी. वय ४४, सतरा वर्षं लग्नाच्या बँडात युफोनियम, म्हणजे छातीशी धरून फुंकायचं मोठं पितळी वाद्य, वाजवतोय. आजवर मेरठचं तीन वॉल्व्हचं (बोटांनी दाबायच्या बटणांचं) होतं, अंगाला बसलेलं. दिवाळीत चार वॉल्व्हचं सेकंडहँड घेतलं. तीन वर, चौथा बाजूला, तो डाव्या हातानं दाबायचा. आवाज असा गोल की विचारू नका, खालचे सूर पण जागेवर. पण वजन! घरच्या काट्यावर साडेचार किलो भरलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि सुपाऱ्या सुरू झाल्या. वरातीत दोन तास उभ्यानं वाजवलं की उजव्या अंगठ्याच्या बुडातून मनगटापर्यंत कळ जाते. घरी कुकरचं झाकण निघेना. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट झोपतं ते वेगळंच. मास्तर म्हणतात सवय होईल. तीन महिन्यांत सवय झाली ती बामाची.

पोलीसबँड_निवृत्त
भाऊ, आधी एक करा. वाद्य तोंडाला लावा आणि उजवा हात सरळ काढून घ्या. खाली सरकलं? मग तुमचा अंगठा हमाली करतोय. ती अंगठ्याची कडी पंजा जागेवर राहावा म्हणून असते, ओझं उचलायला नाही. ओझं डाव्या हातावर आणि उभ्यानं वाजवताना पट्ट्यावर. आम्हाला परेडला पट्ट्याशिवाय उभंच करत नसत. पट्टा दोन्ही खांद्यांवरून घ्या, नुसता मानेत अडकवाल तर मान धरेल.

मडगावची_ट्युबा
मी ई-फ्लॅट ट्युबा वाजवते, युफोनियमचीच मोठी बहीण. नळी साधारण १३ फूट, मोठ्या बी-फ्लॅटची १८. लोकांना वाटतं लहान म्हणजे सोपं. पण मांडीवर ठेवलं की माऊथपीस हनुवटीच्या खाली राहतं आणि आपण कुबड काढून त्याच्याकडे जातो. मी मांडीवर टॉवेलची घडी ठेवते, चार बोटं उंच. वाद्य तोंडाशी आलं पाहिजे.

दादा, तुमची बोटं लांब आहेत का? कडीत अंगठा पार बुडापर्यंत घातला तर बोटं बटणांच्या पुढे जातात, मग ती ताठ ठेवून मधल्या पेराने दाबावं लागतं. अंगठ्याचं फक्त टोक आत ठेवा, नाहीतर कडीबाहेरच टेकवा. हातात संत्रं धरल्यासारखी बोटं वळलेली हवीत. चौथ्या वॉल्व्हला मी असते तर तर्जनीऐवजी मधलं बोट लावून बघितलं असतं.

फिजिओ_सांगली
वाद्यातलं मला कळत नाही, नवरा ट्रम्पेटवाला आहे एवढंच. करंगळी आणि शेजारचं बोट झोपतं म्हणजे संशय कोपरामागच्या नसेवर. कोपर फार दुमडून बराच वेळ राहिलं की ती ताणली जाते. वाद्याला मिठी मारताना डावं कोपर थोडं उघडा, दोन गाण्यांच्या मध्ये हात सरळ सोडा. अंगठ्यासाठी: अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. जीव कळवळला तर स्नायुबंधांना सूज असू शकते. बाम पुरे, डॉक्टरांना दाखवा.

बँडवाला_कराड
पोलीसदादा, हात काढला आणि वाद्य थेट पोटावर आलं. पट्ट्यासाठी मागे दोन कड्या होत्याच. नजर लागू नये म्हणून मी त्यांत काळा दोरा बांधून ठेवला होता. आता तिथं पट्टा आहे, दोरा घंटेच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाच्या, काठाला गेला. रविवारी मलकापूरची वरात पट्ट्यावर काढली. अंगठा दुखला, पण घरी येऊन कुकर मीच उघडला. डॉक्टरांनी तीन आठवडे अंगठ्याला आधारपट्टी दिलीय, तेवढे दिवस सराव बंद, सुपाऱ्यांना भाच्याला पाठवतोय.

ताई, मधल्या बोटाने चौथा वॉल्व्ह हलका जातो खरा, पण घाईच्या गाण्यात अजून तर्जनीच आधी पळते. करंगळी मात्र अजून झोपतेय. कोपर उघडलं की घंटा डावीकडे कलते आणि शेजारच्या क्लॅरनेटवाल्याच्या फेट्याला लागते. त्यावर काही उपाय?

पोलीसबँड_निवृत्त
त्याला दोन पावलं लांब उभा करा.