उमेदवाराची पोरं बघून त्याचं रक्त ठरवायचं, हे खरंच सायन्स हाय काय?

वडगावकर
नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावच्या वॉर्डात कार्पोरेशनच्या इलेक्शनची चर्चा आत्तापासनंच सुरू झालीय आणि उभं राहणार म्हणणाऱ्यांत एक बाई हायत, त्यांना मूलबाळ नाही. गल्लीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरालाय. डार्विनच्या सिद्धांताप्रमाणं ज्याची पुढची पिढी चांगली निपजली तोच लायक, ज्याला मूल नाही त्याला निसर्गानंच बाजूला काढलं, ज्याला नुसत्या मुली त्याच्यात दम कमी, असं सगळं त्यात लिहिलंय. एका इच्छुकाचा पोरगा बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये हाय म्हणजे त्यांचे जीन्स चांगले, दुसऱ्याचा पोरगा दहावीला नापास झाला म्हणून बाप बाद. पंच मंडळींतली शिकलेली माणसं पण "खाण तशी माती" म्हणून माना डोलवालेत. त्या बाईंनी आमच्या गटारीसाठी ऑफिसात किती खेटे घातलेत ते मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून मला हे लई लागलंय. माझं बायोलॉजी बारावीपर्यंतचं, कट्ट्यावर उत्तर द्यायचं तर नेमकं काय सांगायचं?

खानापूर_सायन्स_टीचर
हायस्कूलला शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. डार्विननं १८५९ ला जे मांडलं ते निसर्गात काय घडतं त्याचं वर्णन आहे, माणसांनी कुणाला मान द्यावा ह्याचा नियम नाही. नैसर्गिक निवडीत मोजतात काय, तर कुणाची किती पिल्लं जगली आणि त्यांना पुढं पिल्लं झाली का, बस्स. ती प्रामाणिक निघाली का, नोकरीला लागली का, हे त्यात मोजलंच जात नाही. त्या हिशोबानं दहा पोरं जगवणारा लबाड माणूस एका पोराच्या सज्जन माणसाच्या वर जातो, मग असला हिशोब वॉर्डाला काय कामाचा?

"निसर्गानं बाजूला काढलं" हे तर बायोलॉजीतच टिकत नाही. मधमाश्यांतल्या कामकरी माश्या सहसा स्वतः पिल्लं वाढवत नाहीत, राणीची वाढवतात, आणि सगळं पोळं त्यांच्यावर चालतं. हे असं का टिकतं त्याचा हिशोब हॅमिल्टन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६४ ला मांडला. अर्थात बाईंना मत द्यायला मधमाशीचा दाखला पण लागू नये, मूल का नाही हे त्यांचं खाजगी आहे.

मुलींचं म्हणाल तर बापाकडनं एक्स क्रोमोसोम आला की वाय, ह्यावर मुलगा-मुलगी ठरतं, हे सायन्सला कधीपासून माहीत आहे. ट्रायव्हर्स आणि विलार्ड ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ ला एक तर्क मांडला होता की धडधाकट माद्यांना नर पिल्लं जास्त होत असावीत, स्कॉटलंडच्या रम बेटावरच्या हरणांत तसं काही दिसलंही. माणसांत मात्र कुठं दिसतं कुठं दिसत नाही, आणि दिसलं तरी फरक इतका बारीक की हजारो जन्म एकत्र धरल्याशिवाय कळायचा नाही, एका घरातल्या तीन मुलींवरनं काय कळणार. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर "इथे लिंगनिदान होत नाही" असा बोर्ड लावायची पाळी आलेल्या समाजात मुलींना कमीपणा म्हणून सायन्सच्या नावानं फिरवणं ह्याचा मला फार राग येतो.

बेळगुंदीचा_शेतकरी
टीचर, तुमचं वाचलं, खरं मला एक पटत नाही. आम्ही वळूची पारख त्याच्या कालवडींवरनंच करतो की. डॉक्टर गाय भरवायचं इंजेक्शन द्यायला येतोय तेव्हा आम्ही पहिला तेच विचारतो, ह्या वळूच्या मुली किती दूध देतात. मग जनावराला चालतंय ते माणसाला का चालू नये? आणि पलीकडं चंदगडात, म्हणजे महाराष्ट्रात, २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभंच राहता येत नाही, म्हणजे कायदा पण पोरं बघतोयच.

जनावरांचा_डॉक्टर
मामा, तुमचा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. पारख मुलींवरनं करतात हे शंभर टक्के बरोबर, त्याला प्रोजेनी टेस्टिंग म्हणतात. खरं ती का करावी लागते बघा. वळू स्वतः दूध देत नाही, त्याच्यात दुधाचा गुण किती हे त्याच्या अंगावर दिसत नाही, मुलींकडनं नेमकं कळतं. आणि त्यालासुद्धा दोन कालवडी पुरत नाहीत. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या पुष्कळ मुलींचं दूध लिटरवर मोजायचं, चारा, ऋतू, कितवं वेत हे सगळं हिशोबात धरायचं, मग कुठं वळूचा आकडा निघतो. तरी एखादी कालवड कमीच निघते, कारण अर्धे जीन्स आईचे आणि बापाकडनं कुठले अर्धे आले हे प्रत्येक वेळी वेगळं.

आता उमेदवाराकडं या. दोन पोरं, एकाच घरात वाढलेली, क्लासची फी भरलेली, नायतर न भरलेली. बेंगळूरच्या नोकरीत जीन्स किती, पैसा किती, शाळा किती आणि नशीब किती, हे कुणीही वेगळं काढून दाखवू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे उमेदवारापासनं आपल्याला पैदास करायची नाही, पाच वर्षं वॉर्डाचं काम करून घ्यायचंय, आणि ते काम त्याचं स्वतःचंच मोजता येतं. राकसकोप धरणाचं पाणी नळाला किती दिवसाआड येतंय, कचऱ्याची गाडी येते काय, मीटिंगला हा माणूस तोंड उघडतो काय.

दोन मुलांचा कायदा लोकसंख्येसाठी आहे, रक्ताच्या पारखीसाठी नाही. उलट डार्विनच्या नावानं हिशोब करायचा तर ज्याची पोरं जास्त तोच वर, आणि कायदा नेमका त्यालाच बाहेर ठेवतो.

निपाणीकर
इतिहासाकडनं दोन गोष्टी, कारण हा प्रकार नवा नाही आणि त्यानं माणसांचं वाटोळं झालंय. डार्विनचाच नातलग फ्रान्सिस गाल्टन, त्यानं १८८३ ला सुप्रजननाची कल्पना नाव देऊन मांडली, की चांगल्या रक्ताच्यांना पोरं व्हावीत, बाकीच्यांना नकोत. अमेरिकेत १९२७ ला कॅरी बक नावाच्या गरीब मुलीची सक्तीनं नसबंदी करायला तिथल्या सुप्रीम कोर्टानं मंजुरी दिली. पुरावा काय, तर तिची आई मंदबुद्धी, ती मंदबुद्धी, आणि तिचं काही महिन्यांचं बाळ "नॉर्मल वाटत नाही" असं एका बाईनं बघून सांगितलेलं. तेच बाळ, व्हिव्हियन, पुढं शाळेत हुशार मुलांच्या यादीत आलं. आठव्या वर्षी आजारानं गेली बिचारी. लेकरू बघून आईची लायकी ठरवली आणि लेकराबद्दलचाच अंदाज खोटा निघाला.

आणि आपल्या जिल्ह्यात राहून हे कसं बोलवतं लोकांना? कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा मुलगा गेला, त्यांनी १८२४ ला शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं. दत्तक वारस आम्ही मानत नाही, हे इंग्रज म्हणाले, आणि त्यावरनंच लढाई पेटून कलेक्टर थॅकरे मारला गेला. कोल्हापूरचे शाहू महाराज तर कागलच्या घाटग्यांकडनं १८८४ ला दत्तक आले, आणि १९०२ ला निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखून ठेवणारे तेच.

वडगावकर
सगळ्यांचे मनापासून आभार, वळूचा मुद्दा तर मी कट्ट्यावर पहिला सांगणार. एकच शंका. एका इच्छुकाचा पोरगा बापाच्या नावावर गल्लीत दादागिरी करतो, टपरीवाल्यांना पैसे देत नाही. मग ते पण काढायचं नाही काय?

खानापूर_सायन्स_टीचर
ते जरूर काढायचं. पोरगा पंचविशीचा असेल तर त्याच्या वागण्याचा जाब त्यालाच विचारायचा. बापाला विचारायचं ते वेगळं: टपरीवाला तक्रार घेऊन आला तेव्हा तुम्ही काय केलंत, पोलीस स्टेशनला फोन कुणी केला, पैसे भरून दिलेत का. ही सगळी बापाची स्वतःची कामं, त्यात जीन्सचा संबंध नाही. आणि फॉर्म भरल्यावर त्यांची अफिडेव्हिट सगळ्यांना बघायला मिळतात, केसेस आणि प्रॉपर्टी त्यात असतात. त्याचे फोटो काढून त्याच ग्रुपवर टाका, बाईंचं पण टाका.