रॅपिड रीसेट: दोष एचटीटीपी/२चा की सर्व्हर लिहिणाऱ्यांचा?

पॅकेटवाचक: ‘रॅपिड रीसेट हा एचटीटीपी/२चा दोष नव्हे, सर्व्हर लिहिणाऱ्यांच्या आळसाचा आहे,’ हे सुलेखनकार यांचे विधान वाचून राहवले नाही. एचटीटीपी/२ म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाचे नियम; रॅपिड रीसेट हा त्या नियमांचा आधार घेऊन सर्व्हर ठप्प करणारा हल्ला. एका जोडणीवर एकाच वेळी किती स्ट्रीम, म्हणजे विनंती-उत्तराचे स्वतंत्र प्रवाह, उघडे असावेत यावर मर्यादा घालता येते. हल्लेखोर विनंती पाठवतो आणि उत्तराची वाट न पाहता लगेच ती रद्द, म्हणजेच ‘रीसेट’, करतो. रद्द झालेला स्ट्रीम नियमानुसार बंद ठरतो, त्यामुळे तो त्या मर्यादेत मोजलाच जात नाही. सर्व्हरने मात्र हेडर, म्हणजे विनंतीचा तपशील, उलगडून विनंती मागच्या यंत्राकडे धाडण्याचे काम तोवर सुरू केलेले असते. गूगलने २०२३ मध्ये सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्यांचा मारा नोंदवला, संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीवरील २०.१ कोटींच्या माऱ्यामागे तर जेमतेम २०,००० यंत्रे होती. नियम तंतोतंत पाळून जो हल्ला करता येतो, त्याचा दोष नियमाकडे जात नाही तर कोणाकडे जातो?

सुलेखनकार: आपण नियम अर्धाच वाचला आहे. २०१५च्या आरएफसी ७५४० या एचटीटीपी/२च्या अधिकृत नियमपत्रातील विभाग १०.५ सेवा ठप्प होण्याच्या धोक्याविषयीच आहे आणि अशा सुविधांच्या वापरावर लक्ष ठेवून मर्यादा घालाव्यात, असे तो सांगतो. रीसेटच्या गैरवापराचा एक प्रकार २०१९मध्येच उघड झाला होता. त्यानंतरही ज्यांनी साधा मोजणीचा आकडा ठेवला नाही, त्यांची बाजू कशासाठी घ्यायची?

रात्रपाळी: ‘आळस’ हा शब्द मला झोंबला. मी एकट्याने एक छोटा प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर, सांभाळतो. तीन बड्या कंपन्यांनी १० ऑक्टोबर २०२३ला या हल्ल्याची एकत्र घोषणा केली, तेव्हा त्यांचे बचाव तयार होते. मला मात्र बातमी वापरकर्त्यांच्या पत्रांतून कळली. त्या रात्री मी एचटीटीपी/२ सरळ बंद केले आणि दुरुस्ती लिहायला पुढचे चार दिवस घालवले.

सुलेखनकार: आधी सर्वांना सांगितले असते, तर हल्लेखोरांनाही कळले असते.

रात्रपाळी: हल्ले ऑगस्टपासून सुरू होते! ज्यांना कळू नये म्हणता, त्यांना ते सर्वांत आधी ठाऊक होते. अंधारात राहिलो ते आम्ही. मोफत राबणाऱ्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याची एक रात्र तरी जागून पाहा.

सुलेखनकार: तो शब्द मी मागे घेतो. मुद्दा मात्र सोडत नाही: एनजिनएक्स हा सर्व्हर मूळ मांडणीतच १,००० विनंत्यांनंतर जोडणी बंद करतो, त्यामुळे तिथे या हल्ल्याची धार बरीच बोथट झाली. काळजी घेणे शक्य होते.

पॅकेटवाचक: शक्य होते, हे मान्य. पण तो १,०००चा आकडा एचटीटीपी/२च्या नियमांत कुठेच नाही. किती रद्द विनंत्या सहन करायच्या, हे प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने ठरवायचे होते. २०२५मध्ये ‘मेडयूरीसेट’ हा नवा हल्ला आला. त्यात हल्लेखोर सदोष फ्रेम, म्हणजे संदेशाचे तुकडे, पाठवून खुद्द सर्व्हरलाच स्ट्रीम रद्द करायला लावतो, आणि हिशेबातील फट तीच राहते. दहा वर्षांत तीच फट पुन्हा पुन्हा सापडत असेल, तर ती केवळ सर्व्हर लिहिणाऱ्यांची कशी?

सुलेखनकार: ‘केवळ’ हा शब्दही मागे घेतो. त्यापुढे जाणार नाही.