बायोइकॉनॉमी: घोडं प्रयोगशाळेत अडलंय की बाजारात? (इंदूरच्या निमित्ताने)

देवगुराडिया_रोड (धागाकर्ता)

मंडळी, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने बायोई३ हे जैवतंत्रज्ञानावरच्या उद्योगांचं धोरण मंजूर केलं, तेव्हापासून ‘जैव-अर्थव्यवस्था’ (पिकं, कचरा, जिवाणू यांतून इंधन, खत, माल काढायचा धंदा) हा शब्द कानावर सारखा पडतोय. २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट आहे. यादीत जैवरसायनं, स्मार्ट प्रोटीन (मांस-दुधाला पर्यायी प्रथिनं), हवामानाला टिकणारी शेती, कार्बन पकडणं, झालंच तर समुद्र आणि अवकाशही आहे. वाचायला छान वाटतं. माझा मुद्दा मात्र जमिनीवरचा आहे.

आपल्या इंदूरच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा (कचरा डेपोवरचा) गोबरधन प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. सुरुवातीची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा, त्यातून सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी आणि १०० टन कंपोस्ट. गॅसचा मोठा वाटा सिटी बसला, तोही बाजारभावापेक्षा स्वस्तात. आणि करारानुसार कंपनीच पालिकेला वर्षाला अडीच कोटी देणार. बाकीच्या शहरांत कचरा उचलायचे पैसे पालिका मोजते, इथे उलटी गंगा.

पण यात नवा शोध कोणता? कुजवून गॅस काढणं जुनंच. बाहेरून पाहुणे येतात, टाक्यांचे फोटो काढतात आणि आपल्या गावी तशाच टाक्या बांधायचं ठरवतात. खरा शोध सकाळच्या गाडीवर आहे. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक असे वेगळे कप्पे, आणि पोह्यांच्या उरल्यासुरल्यात दुधाची रिकामी पिशवी दिसली की बादली परत करणारा हेल्पर. तो नसेल तर त्या टाक्यांत जाणार काय?

तेव्हा माझं मत असं, की शाश्वत जैव-अर्थव्यवस्थेसाठी संशोधनाचा पैसा रेणू आणि रिअ‍ॅक्टरवर जास्त आणि माल गोळा करणं, वेगळा ठेवणं, विकणं यावर फारच कमी जातो. घोडं तिथेच अडतं.

जुनी_इंदूरवाली

गाडीबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या गल्लीत सुरुवातीला लोक भांडायचे, आता पाहुण्यांना शिकवतात. एक भर घालते: नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी. ‘ओला’ म्हणून जातात, पण कुजायला युगं लागतात.

एंझाइमवाली

साफ असहमत. काका, राग मानू नका, पण गाडी कचरा आणून ओतते. पुढे गॅस आपोआप निघत नाही.

त्या टाकीत काय चालतं ते थोडं सांगते. आधी काही जिवाणू पिष्ट, प्रथिनं, चरबी फोडतात. दुसरे त्याची आम्लं करतात. तिसरे त्या आम्लांचं अ‍ॅसिटेट आणि हायड्रोजन करतात. सर्वांत शेवटी मिथेन करणारे येतात, आणि हे शेवटचे फार नाजूक. सामू (पीएच, आम्लतेचं माप) साधारण ७ च्या आसपास लागतो आणि वाढही संथ. आता दिवाळी आठवा. आठवडाभर मिठाई, तळणीचं तेल, श्रीखंडाचे उरलेले डबे. पहिले जिवाणू ताव मारतात, आम्लं भराभर साचतात, मिथेनवाले मरगळतात आणि टाकी ‘आंबते’. मग तिला पुन्हा रुळावर आणायला आठवडे जातात. किती घालायचं, कशात मिसळून घालायचं, आम्लांची पातळी कधी धोक्याची, हे कळलं ते कुणीतरी वर्षानुवर्षं नमुने तपासत बसलं म्हणून.

पुढे पाहा. निघालेल्या गॅसमध्ये मिथेन निम्म्याहून थोडा जास्त, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, वर कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. बसमध्ये भरायला मिथेन किमान ९० टक्के लागतो. ते शुद्धीकरण म्हणजे रसायनशास्त्र आहे, हेल्परचं काम नव्हे.

आणि तुमच्याच आकड्यांनी ५५० टनांतून १७ टन, म्हणजे टनामागे ३१ किलोच गॅस. ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असतं हे मान्य, पण उरलेल्या घन भागातलाही बराचसा तसाच बाहेर पडतो, कारण लाकडी धागा जिवाणूंना फुटत नाही. तो फोडायचा तर पूर्वप्रक्रिया किंवा एंझाइम हवेत. पुण्याच्या प्राज कंपनीचं तंत्रज्ञान वापरून पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा कारखाना उभा राहिला तो याच कामामुळे. आधी जी पराळी (शेतात उरलेला पेंढा) जळतच होती तिचं इंधन होतंय. याला तुम्ही रेणूंवर उडवलेला पैसा म्हणणार?

देवगुराडिया_रोड

ताई, राग कसला. दिवाळीची टाकी माहीत नव्हती, मजा आली. पण पराळी शेतातून कारखान्यात नेण्याचं काय? भात कापल्यावर गव्हाच्या पेरणीपर्यंत हातात मोजके दिवस. तेवढ्यात गठ्ठे बांधायचे, पावसापासून वाचवायचे, वर्षभराचा साठा करायचा. हा प्रश्न एंझाइमने सुटत नाही.

आता आपल्या घरचंच उदाहरण देतो. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी. जमीन होळकर दरबारने दिली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३१ मध्ये दोघांनी ती छापूनही काढली. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख थरांनी रचायची, तीनदा उलथायची, तीन महिन्यांत खत तयार.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट कपाशीच्या पऱ्हाट्यांची. त्या इतक्या टणक की कुजता कुजत नाहीत. यंत्र आणायला शेतकऱ्याकडे पैसा नाही. मग काय केलं, तर पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरल्या. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकाखाली त्या चिरडून निघाल्या. एंझाइमवालीताई, तुमची पूर्वप्रक्रिया हीच ना? फुकटात झाली, कारण संशोधकांनी गाडीवाटही प्रयोगात धरली.

एंझाइमवाली

हॉवर्ड-वाड यांच्याबद्दल आदरच आहे. पण ती पद्धत मालव्यात आज किती शेतांत दिसते? तीनदा ढीग उलथायला मजूर कुठून आणणार? ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र, किंमत पावणेतीनशेच्या आत. तेवढंच नत्र कंपोस्टमधून द्यायचं तर दीड-दोन टन वाहायला लागेल. म्हणून तर २०२३ मध्ये सरकारने सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपयांचं साहाय्य जाहीर केलं. गोणीत मावेल असं दाणेदार, जास्त सकस जैविक खत हा प्रयोगशाळेचाच प्रश्न आहे.

पोहे_विदाऊट_सेव

कंपोस्टमधून फक्त नत्र मोजणं म्हणजे आईच्या स्वयंपाकातून फक्त कॅलरी मोजणं. काळ्या मातीची धूप आणि ओल कोण मोजणार? (बाकी चालू द्या, दोन्ही बाजू ऐकतोय.)

सांवेरचा_काळी_मातीवाला

तुमचं कचरा-पुराण वाचलं. आमच्याकडे या बायोइकॉनॉमीचा फटका कसा बसतो ते ऐका.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालायचं लक्ष्य देशाने गाठलं. उसाबरोबर मका आणि तांदूळही भट्टीत गेले. धान्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात जातो. तांदळाच्या चोथ्यात प्रथिनं जवळजवळ सोयापेंडीइतकी, आणि भावाने स्वस्त. खाद्यवाल्यांनी पेंड कमी केली. पेंडीला उठाव नाही तर सोयाबीनला भाव कुठून येणार? २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मंडीत त्याच्या कितीतरी खाली बोली लागत होती. म्हणजे हरित इंधनाची फोडणी आमच्या अंगावर. माझ्या दोन शेजाऱ्यांनी सोयाबीन सोडून मका लावला.

एकीकडे देश खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, दुसरीकडे तेलबियावाला पीक सोडतो. हे कसलं शाश्वत?

एंझाइमवाली

दादा, हे दुखणं खरं आहे. पण त्याच इथेनॉलमुळे मकेवाल्याला गिऱ्हाईक मिळालं, तोही शेतकरीच. आणि यावर उतारा इंदूरमध्येच तयार आहे. आपल्या सोयाबीन संशोधन संस्थेने, १९८७ पासून इथे आहे ती, एनआरसी १२७ हे वाण काढलंय. सोयाबीनमध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचं प्रथिन असतं, ते पचन अडवतं म्हणून दाणा चांगला शिजवावा लागतो. या वाणात ते नाहीच. पुढच्या एनआरसी १४२ मध्ये तर सोयाबीनच्या त्या उग्र वासाला कारणीभूत असलेलं एक एंझाइमही काढून टाकलंय. दूध, टोफू, पीठ, सगळ्याला सोयीचं. कोंबडीच्या खाद्यात चोथ्याशी झुंजत बसण्यापेक्षा माणसाच्या ताटात जा. भावाची पायरीच वेगळी.

सांवेरचा_काळी_मातीवाला

ताई, वाण चांगलं असेल. मंडीत काय होतं ते सांगतो. ट्रॉलीसमोर लिलाव होतो. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, एखादा दाताखाली धरतो, ओलावा, डागी दाणा, माती बघतो आणि बोली लावतो. वाण कोणतं हे विचारतच नाही. संध्याकाळी गोदामात सगळ्यांचा माल एका ढिगात. माझं बिनवासाचं सोयाबीन शेजाऱ्याच्या सोयाबीनात मिसळलं की तुमचं सगळं संशोधन तिथेच संपलं.

उत्पन्नाचं तर बोलूच नका. देशाची सरासरी हेक्टरी टनभराच्या आसपास घुटमळतेय, जगाची अडीच टनांच्या वर.

देवगुराडिया_रोड

माझ्या मनातलं बोललात! याच शहरात केळ्याची साल सहा कप्प्यांच्या गाडीत शिस्तीत बसते, आणि इतक्या वर्षांच्या संशोधनातून निघालेलं सोयाबीन मात्र सरसकट एका ढिगात. वाण काढणाऱ्यांनीच वेगळी खरेदी, वेगळं गोदाम, मंडीच्या फाटकावर झटपट चाचणी हेही प्रकल्पात का धरू नये? हॉवर्ड-वाड यांनी बैलगाडी धरली होती.

एंझाइमवाली

कारण पैदासकाराचं (नवं वाण काढणाऱ्याचं) काम व्यापार नव्हे, काका. अनुदान वाणासाठी मिळतं, त्याचं मूल्यमापन वाणावर होतं. तुम्ही त्याला गोदाम चालवायला लावलंत तर वाणही येणार नाही आणि गोदामही चालणार नाही. फाटकावरची चाचणी पट्टी हवी म्हणता, तीसुद्धा प्रयोगशाळेतूनच येणार, रेणूवर काम करणाऱ्याकडूनच. शिवाय कचऱ्याच्या गाडीमागे पालिकेचा दंड आहे. सोयाबीन वेगळं न ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला दंड कोण करणार? तिथे जास्त भाव देणारा खरेदीदारच लागतो, आणि तो संशोधनाने पैदा होत नाही.

सांवेरचा_काळी_मातीवाला

खरेदीदार म्हणतो, एकरकमी शंभर टन एका वाणाचे दाखव, मग भावाचं बघू. शेतकरी म्हणतो, आधी भाव लिहून दे, मग पेरतो. गटाने करायचं म्हटलं तर बियाणं वेगळं, मळणीयंत्र दर शेताला झाडून घ्यायचं, पोती वेगळी, आणि हा खर्च पहिल्या वर्षी आमच्याच खिशातून. बायोई३ मधले थोडे पैसे त्या पहिल्या वर्षाच्या जोखमीसाठी ठेवा. वाणाची किंवा टाकीची तक्रार माझी नाहीच.

जुनी_इंदूरवाली

टोफूसाठी आम्ही घेऊ की. पाच-दहा घरं मिळून पोतं घ्यायला तयार आहोत. पण त्या वाणाचंच आहे हे आम्हाला कसं कळणार? दाण्यावरून ओळखता येतं का?

एंझाइमवाली

नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. चाचणीच लागते. म्हणून म्हणते, प्रयोगशाळा.

देवगुराडिया_रोड

आणि ती चाचणी मंडीच्या फाटकावर मांडून, रोज सकाळी उभं राहून कोण करणार, त्याचा पगार कोणत्या खात्यातून?