केसांच्या कलरने आईला रिअ‍ॅक्शन, मदत हवी आहे
नमस्कार, मी जुळे सोलापूरची. भाचीच्या लग्नासाठी आईचे केस पार्लरात काळे केले तर दुसऱ्या दिवशी कानामागं लाल पुरळ, कपाळ सुजलेलं, भांगातून चिकट पाणी यायला लागलं, रात्रभर उशीला डोकं टेकवता येईना बघा. पाकिटावर बारीक अक्षरात पीपीडी (केस काळे करणाऱ्या कलरमधलं एक केमिकल, त्याची काहींना अ‍ॅलर्जी येते) लिहिलंय, 48 तास आधी हातावर लावून बघा असंही, पण ते कुणी केलंच नाही, मलाही सुचलं नाही, फार वाईट वाटतंय. काळ्या मेंदीतपण बऱ्याचदा हेच असतं म्हणून तीही बंद केलीय. त्यात हे आपलं ऊन, घामानं अजून चुरचुरतं. सात रस्त्याच्या आसपास पॅच टेस्ट (कशाची अ‍ॅलर्जी आहे ते त्वचेवर पट्टी लावून बघतात ती) करणारे स्किनचे डॉक्टर कुणाला माहितीयत का? तोवर खोबरेल लावलं तर चालेल का? प्लीज सांगा.