मदत हवी आहे: भंगारातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिनला टेकत नाहीये

रात्रपाळी
जुन्या पिकपला भंगारातून आणलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चढवतोय. जॅकवर उचलून इंजिनला भिडवला, पण बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं तोंड) आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात बोटभर फट राहतेय. वरचे दोन बोल्ट धरलेत. तेच आवळून ओढून घेऊ का? लवकर सांगा, सगळं लटकलेलं आहे.

पाना_चौदा
आवळू नका. आधी दोन्ही बोल्ट ढिले करा, मग पुढचं वाचा. गिअरबॉक्स हाताच्या जोराने ब्लॉकला टेकला पाहिजे. बोल्ट धरून ठेवायला असतात, ओढायला नाहीत. फट राहते ती बहुतेक वेळा कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल भाग) पूर्ण आत न बसल्यामुळे. तसाच आवळला तर कन्व्हर्टरची मान (मागची नळी) गिअरबॉक्सच्या तेलाच्या पंपावर दाबली जाते आणि गाडी जागची हलायच्या आत पंप मोडतो.
इंजिन कोणतं? गिअरबॉक्स कोणता? टू-व्हील की फोर-व्हील? कन्व्हर्टर त्याच गिअरबॉक्सचा का?

रात्रपाळी
शेवरोले सी-१०, ३५० इंजिन, टू-व्हील. आधी टीएच३५० (तीन गिअरचा) होता, आता ७००आर४ (चार गिअरचा). कन्व्हर्टर सोबतच आलाय.

तीन_गिअर_पुरे
७००आर४च्या नादी लागूच नका. काढलेला टीएच३५० उघडा, क्लच आणि सील बदला, परत टाका. टीव्ही केबल (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला जाणारी) नाही, लॉकअपची (कन्व्हर्टर थेट जोडून धरणारी) वायर नाही, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) कापायला नको.

पाना_चौदा
त्यांनी ते विचारलेलंच नाही. ७००आर४च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.०६ आहे, टीएच३५०चं २.५२. चौथ्याचं ०.७० म्हणजे ओव्हरड्राइव्ह, त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. ओझं घेऊन उठायला आणि हमरस्त्यावर इंजिन शांत ठेवायला हा बदल करण्यासारखाच आहे.

तेलाची_पट्टी
ड्राइव्हन गिअर (स्पीडोमीटर फिरवणारा छोटा गिअर) बघून घ्या, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवेल.

डॉवेल_पिन
स्पीडोमीटर नंतर. रात्रपाळी, गिअरबॉक्स खाली घ्या. शक्य असेल तर बेल वर करून उभा करा. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता, मानेला तेल लावा, पंपाचं सील नवीन टाका. मग कन्व्हर्टर हलका दाबत गोल फिरवत राहा. तो तीन टप्प्यांत खाली उतरतो: आधी इनपुट शाफ्टचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याचे) दाते, मग स्टेटरचे (कन्व्हर्टरमधल्या मधल्या चाकाचे), शेवटी मानेच्या खाचा पंपाच्या रोटरमध्ये. प्रत्येक वेळी हाताला स्पष्ट ‘टक्’ जाणवतं. तिसरं चुकतं, कारण दुसऱ्यानंतरच तो बसल्यासारखा वाटतो.
इनपुट शाफ्टचे दातेही मोजा. सुरुवातीच्या ७००आर४ला २७ होते, नंतरच्यांना ३०. भंगारात कन्व्हर्टरची अदलाबदल झालेली असू शकते.

पाना_चौदा
+१. शिवाय ब्लॉकच्या मागच्या दोन्ही डॉवेल पिन (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का, आणि बेलच्या वरच्या बाजूला एखादी वायर चिमटलीय का, तेही बघा. फ्लेक्सप्लेटचे (इंजिनच्या मागची, कन्व्हर्टर जिला जोडतात ती दात्यांची चकती) दात १५३ की १६८? कन्व्हर्टरच्या बोल्टांचं वर्तुळ साडेअकरा इंची असेल तर १५३वाली प्लेट जुळणार नाही.

रात्रपाळी
शाफ्टचे दाते ३०, प्लेट १६८. काल दोनदाच टक् झालं होतं! आज तिसरं झालं आणि कन्व्हर्टर चांगलाच आत गेला. बेल हाताने टेकली. प्लेट आणि कन्व्हर्टर यांच्यात ४ मिमी अंतर आहे, कन्व्हर्टर हाताने फिरतोय.

डॉवेल_पिन
३ ते ५ मिमी हवंच, उत्तम. आता बेलचे बोल्ट ३५ फूट-पाउंडच्या जोराने आवळा. ७००आर४ सुमारे तीन इंच लांब आहे, म्हणजे क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) मागे सरकवा आणि प्रॉपेलर शाफ्ट तेवढा कमी करून बॅलन्स करून घ्या. योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) जुनाच चालेल, दोन्हीकडे २७ दाते. योक तळाला टेकवून २० ते २५ मिमी बाहेर ओढा, त्या जागी माप घ्या.

रात्रपाळी
शाफ्ट उद्या. टीव्ही केबलचा ब्रॅकेट नाहीये माझ्याकडे. शाफ्ट बसला की केबलशिवाय एक छोटी चक्कर मारू का?

पाना_चौदा
अजिबात नाही. या गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब ती केबल ठरवते. केबल नसेल तर दाब कमी राहतो आणि आधी तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळतो, तोही काही मिनिटांत.

तीन_गिअर_पुरे
म्हणूनच म्हणत होतो. नाहीतर दाब कायम पूर्ण ठेवणारी व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वाटणारा भाग) टाका, केबलचा प्रश्नच मिटतो.

डॉवेल_पिन
त्याने क्लच वाचतो, पण हलक्या ॲक्सिलरेटरलाही गिअर दणका देऊन पडतात. रोजच्या गाडीला कार्बोरेटरनुसार योग्य ब्रॅकेटच घ्या. पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण ताणली गेली पाहिजे. लावताना लॉकचं बटण दाबून स्लायडर पूर्ण मागे घ्या, बटण सोडा, मग थ्रॉटल एकदा शेवटपर्यंत उघडा. ताण आपोआप बसतो.

तेलाची_पट्टी
पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची ताटली) उघडलात का? सांगितलं नाहीत. फिल्टर बदला. चुंबकावर राखाडी चिखल असला तर ठीक. काळे कण किंवा चकचकीत तुकडे दिसले तर हा गिअरबॉक्स आधी उघडा. जुना बिघडून काढला असेल तर रेडिएटरमधला कूलर आणि पाइप धुवा, नाहीतर त्यातली घाण थेट नव्यात जाईल.

रात्रपाळी
पॅन नाही उघडला. जुन्याचा रिव्हर्स गेला होता, तेल काळं होतं.

तेलाची_पट्टी
मग केबल येईपर्यंत हेच काम. कूलरमधून दोन्ही दिशांनी सॉल्व्हंट सोडा, हवेने सुकवा. तेल डेक्स्रॉन ३. सुरू केल्यावर सगळ्या गिअरमधून लिव्हर एकदा फिरवा आणि पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवूनच तेलाची पट्टी बघा.