मदत हवी आहे: वर्ग रंगतो, पण गणित राहून जातं. पाठटाचण कसं काढता?

नमस्कार मंडळी,

सहावीला गणित शिकवते, तिसरंच वर्ष आहे. तासिका ४० मिनिटांची, वर्गात ४६ मुलं.

मागच्या आठवड्यात अपूर्णांकांची तुलना घ्यायची होती. रविवारभर बसून टाचण काढलं, कागदाच्या पट्ट्या कापल्या. एका पट्टीला घड्या घालून तीन समान भाग, दुसरीचे चार, आणि प्रत्येकीतला एकेक भाग रंगवायचा. वर्ग असा रंगला की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर १/३ आणि १/४ लिहून विचारलं, मोठा कोणता? निम्म्याहून जास्त हात १/४ ला! "बाई, तीनापेक्षा चार मोठे ना," एक मुलगी म्हणाली. तिच्या वहीत कालच्या दोन्ही पट्ट्या चिकटवलेल्या, भोवती वेलबुट्टीसुद्धा काढलेली.

चूक कुठे झाली? आणखी एक, काहीही विचारलं तरी त्याच पाच जणांचे हात वर येतात. त्यावर काय करता?

प्रतिसाद १
ताई, कागदाचे घडी घालून तीन समान भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही. तुमची निम्मी तासिका त्यातच गेली असणार. मुलं घडीचा विचार करत होती, अपूर्णांकाचा नाही. १२ सेंमीच्या पट्ट्या द्या, ४-४ आणि ३-३ सेंमीवर आधीच खुणा करून. आणि पट्टी हातात देण्याआधी 'मोठा कोणता आणि का' याचा अंदाज वहीत लिहून घ्या. स्वतःचा अंदाज चुकलेला दिसला की मूल पट्टीकडे नीट बघतं.

मी टाचण शेवटाकडून लिहिते. तास संपताना विचारायचा एक प्रश्न आधी ठरवायचा, उपक्रम मागाहून. तो प्रश्न असा हवा की चुकीच्या उत्तरावरून गोंधळ कुठला ते कळावं. नुसतं 'मोठा कोणता' विचारलं तर अंदाजपंचे निम्मी बरोबर येतात. 'का' लिहून घ्या.

हात वर करण्याबद्दल: प्रश्न विचारून मनात तीन आकडे मोजा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. पहिल्या दिवशी ती शांतता खायला उठते, सांगून ठेवते.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फक्त रोज उपक्रमाचा हट्ट नको, दमून जाल. दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं वह्या मिटवून कालचेच दोन प्रश्न, एवढं केलं तरी फरक पडतो.

मूळ धागालेखिका
आभार! काल २/३ आणि २/५ घेतलं, खुणा केलेल्या १५ सेंमीच्या पट्ट्यांवर, अंदाज आधी लिहून. तीच वेलबुट्टीवाली म्हणाली, "बाई, जास्त जणांत वाटलं की तुकडा बारीक होतो." मी तीनपर्यंत मोजतच होते. पण मग तिने ३/४ पेक्षा २/३ मोठा ठरवला, कारण 'तुकडे मोठे'! आता अंश आणि छेद दोन्ही वेगळे असताना पहिला प्रश्न कोणता टाकू?